जिद्द कसली काढता, आय-१४० विचारा

इंजिनिअर झालेल्या मुली लग्न करून अमेरिकेला जातात आणि घरी बसतात, त्यांच्यात जिद्दच नसते, हा सूर महाराष्ट्रात हल्ली फार चढा लागतो. इथे अमेरिकेत राहून ते ऐकताना संताप येतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या नवऱ्याबरोबर एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या बाईने नोकरी करायची की नाही, हे नवऱ्याच्या कंपनीने ग्रीन कार्डाचं काम कुठवर आणलंय त्यावर ठरतं. तिच्या जिद्दीला तिथे कोणी विचारत नाही.

२६ मे २०१५ पासून एच-४वरच्या जोडीदाराला ईएडी, म्हणजे नोकरीच्या परवानगीचं कार्ड, मिळू शकतं. पण त्यासाठी एच-१बीवाल्याचा आय-१४०, म्हणजे कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर हवा, नाहीतर एच-१बीच्या नेहमीच्या सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ तरी मिळालेली हवी. आय-१४०च्या आधी पर्म, म्हणजे या जागेसाठी अमेरिकन माणूस मिळत नाही हे दाखवायची प्रक्रिया. त्यात पगाराचा दर ठरवून घ्यायचा, जाहिराती द्यायच्या, मग कामगार खात्याकडे अर्ज करायचा. दीड-दोन वर्षं तिथेच जातात. पुढचा आय-१४० जादा शुल्काच्या प्रीमियम सेवेने कामकाजाच्या १५ दिवसांत निकाली निघतो, पण पर्मला तसा जलद मार्ग नाही. शिवाय कित्येक कंपन्या नोकरीला वर्ष झाल्याशिवाय पर्मला हातच लावत नाहीत.

मुलाचा पगार विचारता, घर विचारता. मग पर्म कधी सुरू झालं आणि आय-१४० मंजूर आहे का, हेही बैठकीतच विचारा. मंजुरीची आय-७९७ नोटीस कंपनीकडे जाते आणि कंपनी तिची प्रत द्यायला खळखळ करते. निदान आय-१४०चा रिसीट नंबर तरी मिळवून ठेवावा, ईएडीच्या अर्जात तो चालतो.

ईएडीचा अर्ज आय-७६५चा, वर्ग सी-२६. सोबत दोघांचे आय-९४ (अमेरिकेतला प्रवेश आणि राहण्याची मुदत यांची नोंद), लग्नाचा दाखला आणि फोटो. आपल्याकडच्या अर्जांत घोळ होतो तो नावांचा: दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, वडिलांचं नाव कुठे मधलं तर कुठे पहिल्या नावाला चिकटलेलं. हे विमानात बसण्याआधी जुळवून घ्यावं, इथून दुरुस्त करताना महिने जातात.

कार्ड मिळालं तरी निर्धास्त होता येत नाही. त्याची मुदत एच-४च्या मुदतीपलीकडे जात नाही, त्यामुळे नवऱ्याचं एक्स्टेन्शन रखडलं की हिचंही रखडतं. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत गेला असेल, तर आय-९४च्या मुदतीपर्यंत, जास्तीत जास्त ५४० दिवस काम चालू ठेवता यायचं. ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना ती सवलत नाही. कार्ड संपलं त्या दिवशी काम थांबतं, म्हणून अर्ज मुदतीच्या १८० दिवस आधीच टाकावा. मधल्या काळात पुण्याच्या कंपनीचं काम इथून लॅपटॉपवर करू, असं म्हणणारे बरेच असतात. काम जिथे बसून केलं तिथलं धरलं जातं, असंच वकील सांगतात. पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी ते अंगाशी येऊ शकतं.

‘मग दुसऱ्या देशात जायचं होतं,’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर असलेल्याच्या, जोडीदाराला जर्मनची परीक्षा न देता व्हिसा आणि पहिल्या दिवसापासून नोकरीची मुभा मिळते, हे खरंच. पण कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदारांचं ओपन वर्क परमिट (कुठल्याही कंपनीत काम करायचा परवाना) ठरावीक व्यवसायांपुरतं आवळलं. आणि अमेरिकेतच एल-१वाल्याच्या, म्हणजे कंपनीने बाहेरच्या देशातून बदलीवर आणलेल्याच्या, जोडीदाराला वेगळं कार्ड लागत नाही, फक्त आय-९४वर ‘एल-२एस’ हवं. नुसतं ‘एल-२’ पडलं असेल तर ते लगेच सुधारून घ्यावं. शेजारशेजारच्या घरांत राहणाऱ्या, सारख्याच शिकलेल्या दोघी. एक कामावर जाते, दुसरी जाऊ शकत नाही. त्यात जिद्दीचा फरक कुठला?

इथल्या काही अमेरिकनांना वाटतं आम्ही एच-४वाल्या त्यांच्या नोकऱ्या पळवतो. त्यासाठी याच कार्डाविरुद्ध २०१५ पासून खटला चालला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो ऐकायला नकार दिला, तेव्हा कुठे श्वास सुटला. तिकडच्यांना वाटतं आम्ही नोकरी करायलाच नको म्हणतो. इतकी वर्षं राहूनही इथे आम्ही डिपेंडंट आणि तिकडे आळशी. तिकडचं बोलणं जास्त लागतं, कारण ते आपल्या माणसांचं असतं.

एच-४वर पूर्णवेळ पदवी घेता येते, पण ओपीटी (शिक्षणाला जोडलेली तात्पुरती नोकरीची परवानगी) हवं असेल तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसामध्ये बदल करावा लागतो. एच-४वरचा काळ एच-१बीच्या सहा वर्षांत मोजला जात नाही, त्यामुळे मार्चमधल्या एच-१बीच्या लॉटरीत एखाद्या कंपनीमार्फत स्वतःचं नाव जरूर घालावं. इथेच राहून एच-१बीत बदल मंजूर झाला तर सप्टेंबर २०२५चं एक लाख डॉलरचं शुल्क सध्या लागत नाही, भारतात परतून नव्याने अर्ज केला तर लागतं. आणि आय-७९७, आय-९४, रिसीट नंबर यांच्या प्रती तिने स्वतःच्या ईमेलमध्ये ठेवाव्यात, कारण घटस्फोट झाला की एच-४ संपतं आणि तेव्हा हे कागद मागायला जागा उरत नाही.