कंपनी येणार म्हणून

मी छत्रपती संभाजीनगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवतो आणि उरलेल्या वेळात पोरांच्या नोकऱ्या बघतो. म्हणजे प्लेसमेंटचा चार्ज माझ्याकडं आहे. हा चार्ज कुणी मागून घेत नाही. स्टाफ मीटिंगला जो उशिरा पोचतो, त्याच्या गळ्यात तो पडतो.

१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून आमच्या भागात ‘पोरगा कंपनीत आहे’ एवढ्यावर सोयरिकी जुळत आल्या. जुने लोक सांगतात की तेव्हा गेटवर कुणी ओळखीचं असलं की काम व्हायचं. आता कंपनीच कॉलेजात येते आणि पोरांनी तिच्या एचआरशी नेटवर्किंग करायचं असतं.

त्याचे शिष्टाचार शिकवायला पुण्याहून ट्रेनर बोलावला. तो म्हणाला, समजा तुम्ही लिफ्टमध्ये आहात आणि कंपनीचा सीईओ आत आला. वर पोचेपर्यंत तुमच्या हातात तीस सेकंद. नाव, शिक्षण, काय केलं, काय करायचंय, संपलं. आता आमच्या कॉलेजची लिफ्ट उद्घाटनानंतर बंद पडली ती पडलीच. तिच्यात मोडके बेंच रचून ठेवलेत. मागून एकानं विचारलं, “सर, जिन्यात गाठ पडली तर किती वेळ धरायचा?” ट्रेनर हसला. मला तर प्रश्न रास्त वाटला.

त्याची सगळी मेहनत चालली होती ती बोलणं सुरू कसं करायचं यावर. आमच्या पोरांचं घोडं तिथं अडतच नाही. एसटी गेवराईहून निघून गढीला पोचेस्तोवर शेजारच्या माणसाचं गाव, पोरीचं सासर, पाटाला पाणी कधी सुटणार, सगळं विचारून झालेलं असतं. आमची अडचण थांबण्याची. इंग्रजीत बोलायचं असेल तर मात्र सुरू होण्याचीसुद्धा.

बरं, या एसटीतल्या ओळखी अगदीच वाया जात नाहीत. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली लिहून ठेवलंय की नोकरीची बातमी सख्ख्या दोस्ताकडून कमी आणि तोंडओळखीच्या माणसाकडून जास्त मिळते. दोस्ताला जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असतंच. नवं कळतं ते लांबच्याकडून. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांवरचा प्रयोग छापून आला, त्यातही तेच निघालं, फक्त ओळख अगदी नावापुरतीही नको. म्हणजे पाहुण्याचा पाहुणा. हे मी पोरांना सांगितलं आणि पस्तावलो, कारण त्याच रात्री सगळ्यांनी लिंक्डइनवर खाती काढून दिसेल त्या मॅनेजरला ओळखीची विनंती आणि सोबत चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीला तिथं जागा मोजकी. आमच्या पोरांची ती ‘आदरणीय महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की’ इथंच भरली. विषय वर कुठंच नव्हता.

कंपनी आली ती ऑक्टोबरच्या उन्हात. फॉर्मल कपडे म्हटल्यावर निम्मी पोरं घरातल्या कुणाच्या तरी लग्नातला ब्लेझर घालून आलेली. “सर, लई गरम व्हायलंय” म्हणत रांगेत घाम पुसणं चालू. त्यातल्या एकानं एचआर मॅडमच्या टेबलासमोर ऐटीत आतल्या खिशातून घडी घातलेला रेझ्युमे काढला आणि त्याच्याबरोबर मूठभर तांदूळ मॅडमच्या लॅपटॉपवर सांडले. पिवळेधमक, हळदीचे.

“हे काय आहे?”

“अक्षता, मॅडम. दादाच्या लग्नातल्या.”

मॅडमनी कीबोर्ड उलटा करून झटकला. पोरगा बिचारा एकेक दाणा वेचत बसला. जमिनीवर पडलेल्या अक्षतांवर पाय कसा द्यायचा म्हणून. तीस सेकंद त्यातच गेले. मॅडम तेवढ्यात हसल्या आणि त्यांनी स्वतःहून त्याला प्रोजेक्टबद्दल विचारलं, हे त्याचं नशीब.

व्हिजिटिंग कार्डांचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. मॅडमनी चार जणांना कार्डं दिली. संध्याकाळपर्यंत नंबर अख्ख्या बॅचच्या ग्रुपवर होता, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचपासून मॅडमना उगवत्या सूर्याची, गुलाबांची आणि दवबिंदूंची चित्रं जाऊ लागली. आठ वाजता मला फोन. शब्द सभ्य होते.

सगळीच रड नव्हती. जिंतूरची एक पोरगी कंपनीची वेबसाइट वाचून गेली होती. पगाराचा विषय न काढता तिनं विचारलं, “रात्रपाळीला मुली घेता का? मग बस कुठपर्यंत सोडते?” एवढं बोलून आभार मानून बाजूलाही झाली. मॅडमनी तिच्या नावासमोर खूण केलेली मी पाहिली.

एक गोष्ट मी पोरांना दरवर्षी दरडावून सांगतो: आडनाव विचारायचं नाही. आपण साळसूदपणे विचारतो, पण त्यात दुसरंच काही विचारलेलं असतं आणि समोरच्याला ते बरोबर कळतं. हा नियम यंदा औशाच्या एका पोरानं पाळला, त्याच्या पद्धतीनं. दुसऱ्या टेबलावरचे साहेब मघापासून अस्खलित इंग्रजीत बोलत होते. मध्येच त्यांना घरून फोन आला. “हौ, जेवलो की. तू काय करूलालीस?” फोन ठेवतात न ठेवतात तोच आमचं पोरगं म्हणालं, “सर, औशाकडले का तुम्ही?”

“औसाच!”

मग काय विचारता. मागं रांग खोळंबली. मी लांबून हातानं ‘आवर’ म्हणून खुणा करतोय, पोरगं बघायला तयार नाही. जवळ गेलो तर विषय त्याच्या प्रोजेक्टवर आलेला, सोयाबीनच्या मळणीयंत्राचं बेअरिंग फार तापतं त्यावर. साहेब मूळचे मेकॅनिकलचे. त्यांनी विचारलं, “ग्रीस किती भरता?” पोराला सांगता आलं नाही.

ट्रेनरनं सांगितलं होतं की चोवीस तासांच्या आत आभाराचा छोटा मेल टाका, आणि बोलण्यातली एखादी नेमकी गोष्ट त्यात येऊ द्या. औशाच्या पोरानं तेवढं ऐकलं. मेलची एक प्रत मलाही पाठवली. इंग्रजी जेमतेम, पण मुद्दा पक्का: रात्री घरी फोन करून चौकशी केली, वडील ग्रीस ठासून भरतात, जास्तीच्या ग्रीसनंच बेअरिंग तापत असणार, रविवारी गावी जाऊन कमी भरून बघतो. आणि खाली मराठीत: ज्वारी हुरड्याला आली की शेतात यावे, आईने सांगितले आहे.

दुपारी साहेबांचं उत्तर आलं. मंगळवारी दहा वाजता वाळूजच्या प्लांटवर मुलाखतीला यावे, मूळ कागदपत्रे आणावीत. त्याखाली एकच ओळ: शेत तुळजापूर रोडला आहे की निलंगा रोडला?