टाच दुखते म्हणून मान मोडू नका

माझ्या मावशीला जुना मधुमेह आहे आणि रात्री तिच्या तळपायांची आग होते. हल्ली ती सकाळी उठल्या उठल्या मान झटक्याने दोन्हीकडे फिरवते, कट्ट असा आवाज येईपर्यंत. हे काय चाललंय म्हणून विचारलं, तर तिने फोन पुढे केला. फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. त्यातला मजकूर थोडक्यात असा: टाचदुखी, तळपायाची आग, पायाला मुंग्या, सगळ्याचं मूळ मानेत. मानेच्या पाचव्या मणक्यातली नस थेट टाचेपर्यंत जाते आणि मोबाइलमुळे ती दबते. एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली की पुरावा मिळाला. मान कट्ट वाजेपर्यंत फिरवा, दहा मिनिटांत पाय मोकळे. शुगर आणि बी-१२च्या तपासण्या म्हणजे निव्वळ लूट.

आधी ती नस. मानेतून नसांच्या ८ जोड्या निघतात. वरच्या नसा डोक्याची मागची बाजू, मान आणि श्वासपटल सांभाळतात, खालच्या खांद्यापासून बोटांपर्यंत हात. पाचवी जेमतेम दंडापर्यंत पोचते. तळपायाकडे जाणारी सायटिक नस कंबरेच्या खालच्या मणक्यांतून आणि माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकोणी हाडातून निघणाऱ्या नसांची मिळून तयार होते. मानेतून निघून टाचेला जाणारी नस कुठल्याही माणसात नाही.

आता नाइलाजाने एक गोष्ट मान्य करतो. नस जात नसली तरी मज्जारज्जू मानेतूनच जातो, आणि मेंदू व पाय यांच्यातली सगळी ये-जा त्याच्यातून होते. झिजलेल्या मणक्यांनी किंवा फुगलेल्या गादीने तो मानेत दाबला गेला, तर पाय बिघडतात. याला सर्व्हायकल मायलोपॅथी म्हणतात. पण ती कशी दिसते ते पाहा. चाल ताठर होते, तोल जातो, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. शर्टाची बटणं लागेनाशी होतात, अक्षर बिघडतं. मान पुढे वाकवली की पाठीतून पायांपर्यंत करंट गेल्यासारखं होतं. पुढे लघवीवरचा ताबा जातो. काहींचे पाय दुखतात, जळजळतातही, पण सहसा एकटं तेवढंच दुखणं नसतं. आजार सावकाश वाढतो आणि डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतो. २०१३च्या एका अभ्यासात निदान व्हायला सरासरी दोन वर्षांहून जास्त काळ गेला होता. मज्जारज्जूची झालेली हानी सगळी भरून येत नाही, म्हणून हा उशीर महागात पडतो.

म्हणजे ज्याचे पाय खरोखरच मानेमुळे बिघडलेत, त्याचा मज्जारज्जू आधीच अरुंद जागेत चेपलेला असतो, आणि फॉरवर्ड त्यालाच सांगतो की मान झटका! मायलोपॅथीची शंका असेल तर मानेला झटका द्यायचा नाही, हे फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. थोडक्यात, दावा ज्याच्या बाबतीत खरा असेल त्याच्यासाठीच हा उपाय सर्वांत घातक. शिवाय मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर चढतात. झटक्याने त्यांचं अस्तर फाटलं तर गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचितच होतं, हे खरं. तरी अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४मध्ये सांगितलं होतं की मानेवर असे उपचार करण्याआधी रुग्णाला या संबंधाची कल्पना द्यावी. तीही प्रशिक्षित हातांबद्दलची गोष्ट, बिछान्यात बसून स्वतःच मान मोडण्याबद्दलची नव्हे.

(सगळ्या दुखण्यांचं मूळ मणक्यात शोधायची हौस जुनीच. १८९५ साली अमेरिकेत डी. डी. पामर यांनी एका बहिऱ्या माणसाचा मणका जागेवर बसवून त्याला ऐकू येऊ लागल्याचा दावा केला, आणि मणके हाताने ‘बसवणाऱ्या’ कायरोप्रॅक्टिक या उपचारपद्धतीचा जन्म झाला. ऐकण्याची नस कानातून सरळ मेंदूत जाते, मानेच्या वाटेला ती येतच नाही.)

एमआरआयचा ‘पुरावा’ तर एका आकड्यात निकालात निघतो. जपानमध्ये १,२११ जणांच्या मानेचे एमआरआय काढले गेले. कुणालाच काही त्रास नव्हता. तरी ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या. विशीतल्या तरुणांतही सत्तर टक्क्यांहून जास्त. २०१५मध्ये हे ‘स्पाइन’ या नियतकालिकात छापून आलं आहे. तेव्हा टाच दुखणाऱ्या कुणाचाही मानेचा एमआरआय काढा, काहीतरी दिसणारच.

मोबाइलने मान अवघडते. टाच नाही. पुढे.

मला खरा संताप आला तो तपासण्यांना लूट म्हणणाऱ्या ओळीचा. मधुमेहात सर्वांत लांब नसा आधी खराब होतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. दोन्ही पायांना, मोजे घातल्यासारखी, रात्री जास्त. मावशी नेमकं हेच सांगत होती. या आगीपेक्षा पुढची पायरी वाईट. आग कमी होते, कारण संवेदनाच जाते. मग खडा टोचला, चप्पल लागली, फोड आला, तरी कळत नाही. जखम चिघळते, आणि पाय कापावा लागणाऱ्या कित्येकांची कथा अशीच सुरू झालेली असते. मधुमेहावरचं नेहमीचं मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलं तर बी-१२ कमी होऊ शकतं, आणि त्याच्या कमतरतेनेही नसा बिघडतात, हाही त्या ‘लुटी’तूनच कळणारा मुद्दा. तळपायाला बारीक नायलॉनचा तंतू टेकवून संवेदना तपासायला तर काही मिनिटं लागतात.

राहिले फॉरवर्डखालचे ‘मला फरक पडला’वाले. टाचदुखीचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे तळव्याखालच्या जाड पट्ट्याचं दुखणं, प्लांटर फॅसायटिस. त्यात सकाळचं पहिलं पाऊल जीव काढतं आणि थोडं चाललं की दुखणं आपोआप ओसरतं. बहुतेकांचं वर्षभरात बरंही होतं. पोटरी आणि तळव्याचे ताण देणारे व्यायाम केले तर मदत होते. उठल्यावर दहा मिनिटं मान फिरवा, दात घासा किंवा पेपर शोधत घरभर हिंडा, पाऊल तेवढ्यात सैल पडायचंच असतं.