आक्कांना शाल द्या, पण मे महिन्याचं पाणीही द्या

येत्या १ मे ला झेंडावंदन झाल्यावर आमच्या आक्कांचा सत्कार करायचं गावाने ठरवलंय. मनापासून आनंद झाला. चोपडा तालुक्यातल्या पाच जिल्हा परिषद शाळांत या बाईने बायाबापड्यांना जोडीला घेऊन परसबागा उभ्या केल्या. हाती पद नाही, मानधन नाही. खरं तर हा सत्कार कधीच व्हायला हवा होता.

पहिली बाग मी उभी राहताना पाहिलीय. शाळेमागे नुसता मुरूम आणि वेड्या बाभळी. आक्का आल्या, पण कुदळ लावायच्या आधी आठ दिवस मधल्या सुट्टीत नळापाशी बसून राहिल्या. खिचडी खाल्ल्यावर पोरं ताटं धुतात, हात धुतात, ते पाणी कुठे जातं हे बघत. मग त्या पाण्याला चर काढला, वाटेत खड्डा घेऊन त्यात विटांचे तुकडे आणि वाळू भरली. खरकटं तिथे अडलं, पाणी आळ्यांत गेलं. केळी काढल्यावर ठिबकच्या जुन्या नळ्या बांधावर पडून असतात, त्या दारोदार फिरून मागून आणल्या. केळीची वाळलेली पानं आच्छादनाला आणि शेळ्या आत शिरू नयेत म्हणून पऱ्हाट्यांचं कुंपण. शेवगा, कढीपत्ता, गिलकी, पोकळा, भरताची वांगी. मावा पडला की निंबोळीचा अर्क पोरंच फवारतात.

पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. ८० पोरांना ४ किलो झाली. एवढीशी बाग रोज ४ किलो देणार नाही, आक्काही तसं कधी म्हणाल्या नाहीत. पण शेवग्याचा पाला वरणात पडतो, आणि घरी गिलकं बघून तोंड फिरवणारं पोरगं शाळेत स्वतः तोडलेलं गिलकं मागून खातं. माझ्याच घरातला अनुभव आहे.

सत्काराचं सांगायला गेलो तर आक्का म्हणाल्या, "माले शालनी काय गरज रे भाऊ? मे महिनामा झाडेस्ले पानी कोण टाकी ते सांग." मला उत्तर देता आलं नाही.

कारण बाग पोरांच्या हातधुण्यावर जगते. सुट्टी लागली की पोरं नाहीत, म्हणजे पाणीही नाही, आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. शाळा उघडते जूनच्या मध्यावर. गेल्या उन्हाळ्यात पाचांपैकी एका शाळेची बाग अशीच करपली. कढीपत्त्याची तीन वर्षांची झाडं काडीसारखी उभी होती. आक्का त्या दिवशी कोणाला काही बोलल्या नाहीत. जूनमध्ये पुन्हा फांद्या घेऊन गेल्या, ते मला जास्त लागलं.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या, गावाला घेऊन जंगल राखणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळ्या खानदेशाला आपल्याच घरातला मान वाटला. पण तिथलं जंगल राखलं गेलं ते गावाने नियम केले आणि पाळले म्हणून. एकट्या माणसाने रात्रंदिवस राखण केली असती तर तो थकला असता. आमच्या आक्का आता साठीच्या पुढे आहेत. पाच शाळा, पाच गावं, आणि उन्हात पायी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की शाल-श्रीफळ जरूर द्या, पण त्याच मांडवात प्रत्येक शाळेसाठी सात जणांची नावं वाचून दाखवा. आठवड्याचा एकेक वार एकेकाचा. सकाळी ऊन चढायच्या आत दोन हंडे नाहीतर अर्धा तास नळी. ग्रामसभेत ठराव करून घ्या म्हणजे पुढच्या वर्षीही चालेल. ज्याच्या शेतात बोअर आहे त्याने आठवड्यातून एक टाकी द्यावी, डिझेलचे पैसे आम्ही काही मित्र जमा करतोय.

आमच्या शाळेचा मंगळवार मी घेतलाय. शुक्रवार आणि रविवार अजून रिकामे आहेत. १ मे च्या आधी मला फोन करा.