करकपात मागावी कशी

सोलापुरात नवी पेठेत चहाच्या टपरीवर उभं राहून अर्थतज्ज्ञ व्हायचं असेल, तर फार वाचन लागत नाही. एकच वाक्य पाठ करा: ‘आता करकपात हवी.’ तेजी असो, मंदी असो, वाक्य तेच. धीर होत नसेल तर अमेरिकेचे धाकटे जॉर्ज बुश यांना गुरू माना. २००० च्या प्रचारात ते सांगत होते, तिजोरीत पैसा शिल्लक पडलाय, तो जनतेचा आहे, म्हणून कर कमी करा. निवडून आले, २००१ उजाडलं, बाजार गळपटला. मग म्हणाले, बाजार गळपटलाय, म्हणून कर कमी करा. जूनमध्ये दहा वर्षांसाठी १.३५ लाख कोटी डॉलरच्या कपातीवर सहीही झाली. कारण उलटंपालटं झालं, मागणी जागची हलली नाही. तत्त्वनिष्ठा म्हणतात ती हीच.

एवढ्यात कुणी आगाऊ माणूस कॉम्प्युटरच्या चिपवाल्या कंपन्यांचा विषय काढेल. त्याच वर्षी इंटेलचा नफा साडेदहा अब्ज डॉलरवरून १.३ अब्जावर घसरला, जगभरची चिपविक्री २०४ अब्जांवरून १३९ अब्जांवर आली. तुम्ही लगेच ओरडा, ‘बघा, करानं मारलं!’ नफाच उरला नाही तर त्यावरचा कर कमी करून काय साधणार, हे त्याला विचारू देऊ नका. विचारलंच, तर क्रिकेटवर या.

मात्र टॉवेलच्या व्यापाऱ्यासमोर चिपचा विषय अजिबात काढू नका, त्याला घसरणीचं खरं कारण ताबडतोब कळतं. माल मिळणार नाही या धास्तीनं दुकानदार गरज शंभर डझनांची असताना तीन कारखानदारांकडे शंभर-शंभर डझन नोंदवतो. जो आधी देईल त्याचा घ्यायचा, बाकीच्यांना फोनच उचलायचा नाही. इकडे तिघांनाही वाटतं धंदा वाढला, आणि तिघंही नवे माग बसवतात. २००० साली टेलिफोन आणि इंटरनेटची यंत्रं बनवणाऱ्यांनी चिपच्या बाबतीत हेच केलं. पुढे डॉट-कॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा, फुगा फुटला आणि त्या यंत्रवाल्यांपैकी एकट्या सिस्कोनं २.२५ अब्ज डॉलरचा साठा तोट्यात दाखवला. गोदामं छतापर्यंत भरलेली, नवी ऑर्डर देणार कोण? अशा वेळी सरकारनं एकट्या करदात्याला ३०० आणि जोडप्याला ६०० डॉलरपर्यंतचे चेक घरपोच पाठवले. त्या पैशांतून किती जोडप्यांनी टेलिफोन एक्स्चेंजची यंत्रं खरेदी केली, असं विचारणं सभ्यपणाचं नाही.

परदेशी दाखल्यावर लोक विश्वास ठेवत नसतील तर देशी वापरा. २०१९ मध्ये शोरूममध्ये गाड्या उभ्या होत्या, गिऱ्हाईक नव्हतं. २० सप्टेंबरला निर्मला सीतारामन यांनी कंपन्यांच्या कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला. सेन्सेक्स त्याच दिवशी १,९०० हून जास्त अंकांनी उसळला. सरकारच्याच हिशेबानं वर्षाला १.४५ लाख कोटी रुपये सोडले गेले. गाडी घेऊ न शकणाऱ्याच्या खिशात त्यातलं काय आलं, याची चर्चा त्या दिवशी टीव्हीवर करणं म्हणजे लग्नात हुंडाबंदीचा कायदा वाचणं. तुम्हीही करू नका.

हे सगळं जमलं की शेवटची परीक्षा पूर्व भागात द्या. ऑर्डर नाही म्हणून निम्मे माग बंद असलेल्या कारखान्याबाहेर एखादा विणकर बिडी ओढत बसलेला सापडेलच. त्याला मजुरी नगावर मिळते, म्हणजे माग बंद तर मजुरीही बंद. त्याला आनंदाची बातमी द्या: २०२५ च्या बजेटपासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आयकर नाही! तो बिडी विझवून म्हणेल, “मालक, मी तर कर भरायलापण तयार हाय. ते बारा लाख कुठं मिळतेत तेवढं सांगा.”

अशा वेळी वाद घालू नये. खिशातला मोबाईल वाजल्यासारखं करावं आणि अक्कलकोट रोडच्या दिशेनं भराभर चालू लागावं.