धूर छातीत जात नसेल, जखम तर तोंडातच आहे

‘अक्कलदाढ काढल्यावर सिगारेट नको, पण सिगार चालतो. त्याचा धूर छातीत ओढत नाहीत. चोवीस तास उलटले, टाके घातलेले असले आणि जखमेवर गॉजची घडी दाबली की खुशाल ओढा.’ हा सल्ला मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला. दाताची डॉक्टर म्हणून तो वाचून गप्प बसवत नाही.

आधी ‘छातीत जात नाही’ हे बघू. दाढ निघाल्यावर जबड्यातली खाच रक्ताच्या गाठीने भरते. ही गाठ उघड्या हाडावरचं झाकण असते, तिच्याच आधाराने नवं मांस भरतं. धोका आहे तो या गाठीला, आणि सिगारचा धूर नेमका तिथेच घोळवला जातो. शिवाय सिगारचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातलं निकोटिन गालाच्या आणि हिरडीच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं. फुप्फुसांची गरजच पडत नाही. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी मिळतं. एका सिगारेटमध्ये तंबाखू एक ग्रॅमहून कमी असते, मोठ्या सिगारमध्ये पाच ग्रॅमच्या पुढे. तो तासभर पुरतो. म्हणजे तासभर झुरक्यांची ओढ, उष्णता आणि निकोटिन, तिन्ही एकदम.

चोवीस तासांचा हिशेब तर साफ चुकीचा आहे. गाठ निसटली किंवा विरघळली की हाड उघडं पडतं, त्याला आम्ही ‘ड्राय सॉकेट’ म्हणतो. त्याचा ठणका बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उठतो, कानापर्यंत जातो, तोंडाला दुर्गंधी येते आणि नेहमीच्या गोळीला दाद देत नाही. खालच्या अक्कलदाढांत हे जास्त घडतं. ‘दोन दिवस बरं होतं, मग एकाएकी सुरू झालं,’ असं सांगत येणारे पेशंट मी पाहिले आहेत. खाच धुऊन औषधाची पट्टी भरावी लागते, कधी पुन्हापुन्हा. किमान ७२ तास धूम्रपान नकोच, आठवडा-दोन आठवडे थांबलात तर उत्तम.

टाके हिरडीच्या कडा जवळ आणतात, आतल्या गाठीला बांधून ठेवत नाहीत. गॉज रक्त थांबवायला असतो, धूर आणि निकोटिन गाळायला नव्हे. उलट तो काढताना गाठच सोबत निघून येऊ शकते.

आपल्याकडे सिगार ओढणारे थोडे, मिश्री लावणारे पुष्कळ. ‘मी ओढत नाही, नुसती मिश्री लावते,’ असं मावशी सांगतात तेव्हा मला जास्त काळजी वाटते. ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि बोटाने थेट हिरडीवर चोळली जाते.

तलफ आवरणार नाही असं वाटत असेल तर दाढ काढण्याआधीच डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्वचेवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच चालेल का, हेही त्यांनाच विचारा. आणि दाढ दुखत नसेल, सूजही नसेल, अन् पुढच्याच आठवड्यात मित्राच्या पार्टीत सिगार पेटणार हे ठाऊक असेल, तर डॉक्टरांना विचारून दाढ काढायची तारीख पुढे ढकला.