वीस काड्यांवर एक पेढा

परवाच्या शनिवारी मी 'बाहेरच्या मदतीवर फार अवलंबून राहतो' असं लेखी ठरलं. रंगीत कागदावर, माझ्या नावाखाली, शेजारी एक पिवळा हसरा चेहरा चिकटवून. 21 वर्षं परचेस खात्यात काढलेल्या माणसाला 'तुम्ही बाहेरून घेता' म्हणणं म्हणजे पोस्टमनला 'तुम्ही दारोदार फिरता' म्हणण्यातला प्रकार. बाहेरूनच घ्यायचं असतं हो. त्यालाच परचेस म्हणतात.

तर, कंपनीने 'प्रत्येकात एक लीडर' असं दिवसभराचं शिबिर ठेवलं होतं. अर्थातच सुट्टीच्या दिवशी. आमचं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये. शिबिरासाठी चांगल्या हॉटेलांचे कोटेशन मागवले (मीच मागवले), कागद वर गेला आणि खाली आला तेव्हा त्यावर लाल शाईत नौपाड्यातल्या एका मंगल कार्यालयाचं नाव होतं. मी ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला दहा नंबरवर उतरलो, पूल चढलो, सगळे फलाट ओलांडून एक नंबरच्या बाजूला आलो आणि घामाघूम होऊन साडेआठला पोचलो, तर दारावर आदल्या दिवशीच्या लग्नाची 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' ही अक्षरं तशीच. त्यांच्याखाली उभा राहून ट्रेनर स्वागत करत होता. अकाउंट्सच्या काकूंनी सवयीने पर्समध्ये आहेराचं पाकीट चाचपलं.

सकाळचं फार सांगत नाही. टाळ्या झाल्या, डोळे मिटून झाले. ट्रेनर आम्हा सगळ्यांना 'चॅम्प' म्हणायचा, रिटायरमेंटला आठ महिने राहिलेल्या आमच्या कॅशियरलासुद्धा. मग पडद्यावर 70-20-10 चा तक्ता आला. माणूस कामातलं 70 टक्के प्रत्यक्ष काम करून शिकतो, 20 टक्के बरोबरच्या माणसांकडून आणि 10 टक्के वर्गात बसून. हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "मग 10 टक्क्यांपुरतं बसवा आणि साडेदहाला सोडा." ट्रेनर म्हणाला, "गुड एनर्जी, चॅम्प!"

मग 'ओनरशिप' आली. कंपनी आपलीच आहे असं समजा. मी एकदा समजून पाहिलं होतं, एसीच्या रिमोटच्या बाबतीत. त्यावर आलेली मेल अजून जपून ठेवली आहे. पण ट्रेनरने पुढे उदाहरण दिलं लक्ष्मणराव किर्लोस्करांचं, आणि तिथे मी चुकलो. गप्प बसायला हवं होतं. पण माझं आजोळ पलूसचं, किर्लोस्करवाडीला खेटून. त्यांच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. ट्रेनर म्हणाला, "त्यांनी नोकरी सोडली आणि आपली पॅशन फॉलो केली." मी हात वर केला. म्हटलं, तसं नाही. लक्ष्मणराव मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढती त्यांच्या हक्काची होती, ती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली, म्हणून त्यांनी नोकरीवर लाथ मारली. मग बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी त्या नांगराला हात लावेनात. 1910 मध्ये औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, तिथे कारखाना उभा राहिला. "तेव्हा यात मूळ मुद्दा पॅशन नाही," मी म्हणालो, "प्रमोशन आहे."

हॉलमध्ये त्या दिवसातली पहिली खरी टाळी पडली. एचआर मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला एप्रिलमध्ये कळेल.

जेवणात पुरी-श्रीखंड होतं. ते पोटात उतरतंय न उतरतंय तोच खेळ सुरू झाला. हा खेळ जगभर खेळतात म्हणे. 20 स्पॅगेटीच्या काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरा आणि एक मार्शमॅलो. 18 मिनिटांत जमेल तेवढा उंच मनोरा उभारायचा आणि टोकावर मार्शमॅलो ठेवायचा. पण मार्शमॅलोच्या पाकिटावर कोणीतरी 'जिलेटिन' वाचलं. अर्धं ऑफिस शाकाहारी, उरलेल्या अर्ध्याचा शनिवार. तेव्हा ॲडमिनने कोपऱ्यावरून पेढे आणले. आता मार्शमॅलो म्हणजे फुगवलेली साखर, जवळजवळ हवाच. पेढा म्हणजे आटवलेला खवा. ट्रेनरने एक पेढा तळहातावर घेऊन जोखला, क्षणभर त्याचा चेहरा पडला, पण माणूस मुरलेला. "परिस्थिती बदलते, चॅम्प्स! लीडर बदलतो!" म्हणाला आणि घड्याळ लावलं.

माझ्या गटात मी (वयामुळे लीडर), अकाउंट्सच्या काकू, एमबीए करून नुकताच लागलेला एक ट्रेनी पोरगा आणि डिस्पॅचचा एक जण, ज्याने पहिल्याच मिनिटाला एक काडी कच्ची खाऊन पाहिली. उरल्या 19. पोरगा मोबाइलवर त्रिकोण काढत बसला.

"पडणार."

मी वळून पाहिलं. भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या कार्पेटवर एक मंडपवाला बसला होता. संध्याकाळी साखरपुडा होता, हॉल चारला त्याच्या ताब्यात जायचा होता, आणि हा दोनपासून येऊन तंबाखू मळत आमची मजा बघत होता. कमरेला सुतळीचं बंडल, खिशात कात्री, बरोबर हाताखालची दोन पोरं, त्यातलं एक चांगलंच आडवं.

"काय पडणार?" मी विचारलं. आमचं अजून काही उभंही नव्हतं.

"जे करताय ते. वर काय बसवायचंय?"

"पेढा."

"कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काकू म्हणाल्या, "लीडरशिपसाठी."

त्याने गंभीरपणे मान डोलावली, जणू त्या कार्यासाठी त्याने आजवर बरेच मांडव घातले होते. "मग पेढा आधी ठेवून बघा ना, साहेब. तुम्ही सगळं बांधून शेवटी ठेवणार, मग ते बसणारच खाली. आम्ही स्टेज घालतो ना, तेव्हा निम्मं झालं की पहिला ह्याला वर चढवतो." त्याने आडव्या पोराकडे बोट दाखवलं. "हा आमचा पेढा."

पोरगं लाजलं.

"फोटोच्या वेळी वर किती मामा चढतील ते ह्याच्यावरून कळतं. गेल्या सीझनला पाचपाखाडीत एका पार्टीने ऐकलं नाही माझं. म्हणे, आम्ही इंजिनियर आहोत. मुलीचे काका चढले, एक फळी गेली. लागलं नाही कोणाला, पण व्हिडिओत आलं." तेवढ्यात त्याचं लक्ष दुसऱ्या पोराकडे गेलं. "काय रे, खुर्च्या मोजल्यास का? परवाच्या दोन कमी भरल्यात, तुझ्या पगारातून कापीन!" पोरगा म्हणाला, मोजल्या. "पुन्हा मोज." मग परत माझ्याकडे, अगदी मऊ आवाजात, "बसतंय का, साहेब?"

नव्हतं बसत. काड्या कटाकट मोडत होत्या. घड्याळात सात मिनिटं राहिली होती आणि शेजारच्या टेबलावर सेल्सवाले आरडाओरडा करत होते. त्यांच्यात पाच जण होते आणि पाचही लीडर होते. मंडपवाल्याला राहवेना. तो उठला, ट्रेनीच्या हातातून काड्या काढून घेतल्या, चार-चारच्या जुड्या केल्या आणि कमरेची सुतळी सोडून त्यांना बांबूची गाठ मारायला लागला.

"काका, आपल्याला एक यार्डच दोरा आहे," पोरगा म्हणाला.

"यार्ड कोणी सांगितलं? बांबू मागेल तेवढी दोरी द्यायची."

मी त्याला थांबवायला हवं होतं, हे कबूल. पण ती गाठ बघत राहिलो. अंगठ्याखालून एक फेरा, वरून उलटा दुसरा, शेवटी दाताने एक हिसका. काडी तुटली नाही की वाकली नाही. प्रत्येक टप्प्याला तो पेढा वर ठेवायचा, मनोरा कुठे झुकतो ते बघायचा, उतरवायचा आणि त्या अंगाला एक काडी वाढवायचा. घंटा झाली तेव्हा चांगला हातभर मनोरा उभा होता, आणि वर पेढा, देवळाच्या कळसासारखा.

ट्रेनर टेप घेऊन आला. वाकला. "चॅम्प, ही सुतळी आपल्या किटमध्ये नव्हती."

आम्ही बाद. पहिलं बक्षीस सेल्सला. त्यांचा मनोरा पाण्याच्या बाटलीला टेकून उभा होता. मी हे दाखवून दिलं. ट्रेनर म्हणाला, बाटली आधीपासून टेबलावर होती, म्हणजे ती 'अव्हेलेबल रिसोर्स'.

"मीपण दोन वाजल्यापासून इथंच आहे," मंडपवाला म्हणाला.

त्याची दखल कोणी घेतली नाही. दिवे मंद झाले आणि पडद्यावर या खेळाचा मथितार्थ आला. टॉम वुजेक नावाच्या गृहस्थाने 2010 मध्ये टेडच्या व्यासपीठावरून सांगितलेला. बालवाडीतली मुलं बिझनेस स्कूलच्या ताज्या पदवीधरांपेक्षा उंच मनोरे बांधतात. का? पदवीधर योजना आखण्यात वेळ घालवतात आणि मार्शमॅलो शेवटच्या क्षणी टोकावर ठेवतात. मुलं पहिल्यापासून तो लावून बघतात, पडला तर पुन्हा बांधतात. "म्हणजे काय, चॅम्प्स?" ट्रेनरने विचारलं. मी मागे वळून पाहिलं. मंडपवाला आमचा पेढा खात होता.

चहाच्या वेळी तो माझ्याजवळ आला. "साहेब, ही असली कामं कंपन्यांत कायम निघतात का?" म्हटलं, निघतात. "ह्यांचा रेट काय?" मी काकूंकडे पाहिलं. बिल त्यांच्याच टेबलावरून जाणार होतं. त्यांनी आकडा त्याच्या कानात सांगितला. मंडपवाल्याचं तंबाखू मळणं थांबलं. "जेवण धरून?" "जेवण वेगळं." तो बराच वेळ ट्रेनरकडे बघत राहिला, मांडवाच्या खांबाकडे बघावं तसा. मग खिशातून कार्ड काढून माझ्या हातात दिलं आणि माझा नंबर मागून घेतला. कार्डावर लग्न, मुंज, बारसं, दहावा-तेरावा, सर्व कार्यांसाठी वाजवी दरात, असं छापलेलं.

निघताना फॉर्म भरून घेतले. हॉल कसा होता, जेवण कसं होतं, ट्रेनर कसा होता, चेहरे रंगवा. परतीच्या वाटेवर ट्रेनी पोराने मला स्टेशनात सांगितलं की डोनाल्ड किर्कपॅट्रिक नावाच्या माणसाने 1959 मध्येच ट्रेनिंग जोखायच्या चार पायऱ्या मांडून ठेवल्यात. आवडलं का, शिकलात का, कामात वापरलंत का, आणि कंपनीला त्याचं काय मिळालं. "आणि आपण?" मी विचारलं. "आपण पहिल्या पायरीवर, सर. श्रीखंडाला चार चेहरे पडले."

हसलो खरा, पण गाडीत जागा मिळाल्यावर डोकं तापायला लागलं. स्टोअर्समधल्या दोन पोरांना फोर्कलिफ्ट चालवायच्या रीतसर ट्रेनिंगला पाठवा म्हणून मी वर्षात दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, बजेट नाही. ती पोरं अजून एकमेकांचं बघून फोर्कलिफ्ट शिकतायत. त्यालाच पडद्यावर 20 टक्के म्हणतात. परवा पॅलेट खांबाला लागलं, ते कोणाच्या तक्त्यात बसतं कोण जाणे. आणि माझ्या हातात रंगीत कागद, 'बाहेरच्या मदतीवर अवलंबून'. उपाय म्हणून सोमवारी पाचच्या आत 'वैयक्तिक विकास आराखडा' भरून द्यायचा, कमीत कमी दीडशे शब्द. मी भरला, 'पेढा आधी ठेवावा.' पोर्टलने घेतला नाही. लाल अक्षरांत म्हणालं, 147 शब्द कमी आहेत.

ते 147 शब्द शोधत बसलो असताना पावणेपाचला फोन वाजला. अनोळखी नंबर, मागे खुर्च्या आपटल्याचा आवाज.

"साहेब, परवाचा मंडपवाला बोलतोय. तुमच्या ऑफिसात पुढचा टॉवर कधी आहे? आपण अर्ध्या रेटमध्ये करून देऊ. काड्या, सुतळी, माणूस, सगळं आमचं." जरा थांबून म्हणाला, "पेढा मात्र तुमचा."