मुकादमाच्या वहीतला खाडा

या दसऱ्याला गावी, बीड जिल्ह्यात, गेले तेव्हा 'आभा' कार्डावरून, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य ओळखपत्रावरून, घरात वाद रंगला होता. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, आता सगळा आजार एका नंबरवर, तुमच्या डेन्मार्कसारखा." चुलतभावाचं मत उलटं. आपली दुखणी सरकारच्या हाती कशाला द्यायची?

मी राहते त्या डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येकाला दहा अंकी क्रमांक आहे आणि १९७७ पासून रुग्णालयातल्या उपचारांची राष्ट्रीय नोंदवही. शिक्षण, उत्पन्न, नोकरी यांच्या नोंदी त्याच क्रमांकाने जोडता येतात. संशोधकाला नावं दिसत नाहीत. फक्त आकडे हाती येतात. खासगी रुग्णालयांनाही नोंद कळवावीच लागते. विषमता तिथेही आहे, कमी कमावणारा लवकर मरतो. पण आकडे समोर असल्याने ती नाकारता येत नाही.

आपल्याकडे २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा सरकारी समितीला घरोघर विचारावं लागलं. बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. शस्त्रक्रिया बहुतेक खासगीत झालेल्या. इतकं होईपर्यंत सरकारी कागदांवर ते ठळकपणे दिसलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आमच्या शेजारच्या मावशींची पिशवी तिशीतच काढली. "डॉक्टर म्हणला काढून टाका, काढली." का काढली, याचा एकही कागद त्यांच्याकडे नाही. पण त्या दिवसांचा खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, मुकादमाच्या (टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराच्या) वहीत रुपयांसकट लिहिलेला होता आणि तो आगाऊ घेतलेल्या उचलीतून वळता झाला. बाईचं काम किती बुडालं ते आपण पैपैने लिहितो, तिचं शरीर कशाने झिजलं ते कुठेच लिहीत नाही.

म्हणून चौदा अंकी आभा क्रमांक मला हवाच आहे. सहा महिने सांगली-कोल्हापुरात नाहीतर कर्नाटकात फडावर राहणाऱ्या बाईला त्याची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे. पण नुसत्या कार्डाने भागणार नाही. त्यात खासगी दवाखान्यांनी सामील होणं ऐच्छिक आहे. जिथे पिशव्या निघाल्या तेच बाहेर राहिले, तर नोंदी फक्त सरकारी दवाखान्यातल्या तापखोकल्याच्या उरतील. शिवाय व्यवसायाच्या रकान्यात 'शेतमजूर' नको, 'ऊसतोड' असंच हवं. नाहीतर कोयत्यावरची बाई आकड्यांत पुन्हा हरवेल.

चुलतभावाची भीतीही खोटी नाही. मावशींच्या कार्डाला कुणाचा मोबाईल जोडलाय, विचारलं. मुकादमाचा! म्हणजे संमतीचा ओटीपी त्याच्याकडे जाणार. कुणाची कंबर गेली हे त्याला आधी कळलं तर पुढच्या हंगामात त्या नवरा-बायकोच्या जोडीला उचल कोण देईल? डेन्मार्कमध्ये माझी नोंद कुणी उघडली ते मला पाहता येतं. मावशींनाही ते कळायला हवं. त्यांना वाचता येत नाही, पण आशाताई त्यांना ते वाचून दाखवू शकते, आणि तिला त्या कामाचे वेगळे पैसे मिळायला हवेत.

टोळ्या दिवाळीनंतर निघतील. कारखान्याच्या गेटवर उसाच्या प्रत्येक गाडीचं वजन होतं, पावती फाटते. त्याच गेटवर तोडणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन हंगाम सुरू होताना आणि संपताना तपासून नोंदवायला काय हरकत आहे? आमच्या जिल्ह्यात सुरुवात तिथून व्हावी.